पडदे, सळई आणि आस : थोर गिटारवादन कशाला म्हणायचं?

‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन नियतकालिकाने थोर गिटारवादकांच्या याद्या 2003, 2011 आणि 2023 साली छापल्या. तिन्हींत पहिलं नाव जिमी हेंड्रिक्सचं. त्याच्या खाली मात्र दर वेळी उलथापालथ झाली. 2023 च्या पहिल्या दहांत सिस्टर रोझेटा थार्प आणि जोनी मिचेल या दोघी आहेत. थार्प 1973 मध्ये वारल्या आणि मिचेलचं महत्त्वाचं वादन अर्धशतकापूर्वीचं आहे, म्हणजे मधल्या काळात त्यांनी नवं काही वाजवलं म्हणून त्या वर चढल्या असं नाही. मोजपट्टी बदलली.

मग आपण कोणती मोजपट्टी घ्यायची? धुळ्याहून आग्रा रोडने उत्तरेकडे निघालं की वीसेक किलोमीटरवर किल्ल्याची टेकडी आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांची दुकानं दिसतात, ते सोनगीर. या भागातल्या माणसाने तारेचं वाद्य सर्वांत आधी ऐकलेलं असतं ते वरातीत, आणि तो असतो विजेवरचा बेंजो. आपला हा बेंजो म्हणजे मुळात बुलबुलतरंग. जपानात नागोयाच्या गोरो मोरिता यांनी 1912 च्या सुमारास टाइपरायटरसारखी बटणं लावून ‘तैशोगोतो’ केला, त्याचा हा वंशज. बेंजोवाला गाण्याची चाल वाजवतो. शब्द नसले तरी गाणं ओळखू यावं, हीच त्याची परीक्षा. आपल्याकडे गिटारही याच वाटेने आली आणि ‘वाद्याने गायलं पाहिजे’ ही अपेक्षा तिच्या मागे लागली. पुढचा सगळा वाद या अपेक्षेतून निघालेला आहे.

मांडीवरची गिटार

गिटारचे दोन प्रकार आपल्याकडे साधारण एकाच काळात रुळले. एक उभी धरून पडद्यांवर बोटं दाबत वाजवायची, तिला आपण स्पॅनिश म्हणतो. दुसरी आडवी, मांडीवर ठेवून तारांवर पोलादी सळई फिरवायची, ती हवाइयन. या दुसऱ्या पद्धतीचं श्रेय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या जोसेफ केकुकू या हवाई बेटांवरच्या तरुणाला देतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या वादनाचं वेड जगभर पसरलं. बाजारात विक्रीला आलेली पहिली विजेवरची गिटारदेखील हवाइयनच होती : 1932 ची रिकनबॅकर, तव्यासारख्या आकारामुळे ‘फ्राइंग पॅन’ म्हणून ओळखली जाणारी. रॉकवाले आणि रागदारीवाले एकमेकांना कितीही परके वाटोत, दोघांची वंशावळ एका जागी मिळते.

कोलकात्यात हे वादन चांगलंच मुरलं. हवाइयन कलावंत ताऊ मो आपल्या कुटुंबासह 1940 च्या दशकात तिथे राहिले, शिकवत राहिले. गार्नी निस यांच्या अलोहा बॉइजच्या रेकॉर्ड निघाल्या. पुढे सुनील गांगुलींनी गिटारवर वाजवलेल्या हिंदी गाण्यांच्या तबकड्या देशभर गेल्या. मुंबईत व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग हे काम करत होते. हॉटेलात, जत्रेत, सिनेमा सुरू होण्याआधीच्या थिएटरात या धुना वाजायच्या आणि ऐकणारा मनातल्या मनात शब्द भरायचा. समीक्षकांनी या वादकांची दखल फारशी घेतली नाही, कारण त्यांच्या लेखी हे ‘लाइट’. मला हा निवाडा घाईचा वाटतो. गायिकेने शब्दाच्या आधाराने घेतलेली हरकत शब्दाविना, एका तारेवर, तेवढ्याच मुलायमपणे उतरवायची तर कानाची तयारी पक्की लागते.

मींड आणि तिचे दोन मार्ग

वादाचं तांत्रिक मूळ समजल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गिटारच्या पडद्यांवर सप्तकाचे बारा समान भाग पाडलेले असतात. सप्तक 1200 सेंटांचं धरलं तर पडद्यावरचा शुद्ध गंधार 400 सेंटांवर येतो. चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार मात्र 386 च्या आसपास असतो. चौदा सेंटांचा हा फरक रियाजी कानाला खटकतो. दुसरी अडचण मींडेची : एका स्वरावरून दुसऱ्यावर मधला सगळा प्रवास ऐकवत जायचं, आणि पडदा तर प्रवास पायऱ्यांत तोडतो. तिसरी अडचण आसेची, म्हणजे स्वर किती वेळ गुंजत राहतो याची. छेडलेली तार लगेच विझू लागते, गळा किंवा सारंगी स्वर धरून ठेवू शकते. हार्मोनियमवर यातले पहिले दोन आक्षेप आधीच घेतले गेले होते. आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत ती पेटी हवेवरून हद्दपार केली होती. महाराष्ट्रात मात्र गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिला मैफलीत मान मिळवून दिला. म्हणजे वाद आपल्या ओळखीचा आहे, वाद्य तेवढं नवं.

यावर पहिलं उत्तर पंडित ब्रिजभूषण काबरा यांचं. 1937 मध्ये जोधपूरला जन्मलेले, अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. त्यांनी हवाइयन गिटार घेतली, म्हणजे पडद्यांचा प्रश्नच मोडीत काढला, आणि सळईने अखंड मींड मिळवली. त्यांचं सर्वांत जास्त ऐकलं गेलेलं काम म्हणजे 1967 ची एच.एम.व्ही.ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’. काश्मिरातल्या एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस रागांतून मांडणारी ही तबकडी. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर काबरा आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. निर्मिती जी. एन. जोशींची, म्हणजे मराठी भावगीताच्या पहिल्या पिढीतले गायक आणि नंतर एच.एम.व्ही.चे अधिकारी असलेले आपले जोशी. तिघे मुख्य वादक तेव्हा तिशीच्या आत-बाहेर होते आणि तिन्ही वाद्यांना शास्त्रीय मंचावर अजून पुरती खुर्ची मिळालेली नव्हती. चाळीस मिनिटांच्या आत काम आटोपतं. ज्यांनी रागदारी कधी ऐकली नव्हती, त्या घरांतही ही तबकडी पोचली.

तीत काबरा काय करतात ते नीट ऐकण्यासारखं आहे. ते वेग दाखवत नाहीत. आलापात स्वर लावतात, सळईचा दाब किंचित हलका करत तो विझू देतात, आणि विझता विझता पुढच्या स्वराकडे सरकवतात. आस संपण्याच्या क्षणी मींड सुरू होते, म्हणून आस तुटल्यासारखी वाटत नाही. उणीव लपवायची युक्ती म्हणावी तर ती इतकी सुंदर आहे की उणीव नसती तर हे वादनच झालं नसतं.

त्यांच्या पुढच्या वादकांनी वाद्यच बदलायला घेतलं. जयपूरचे विश्वमोहन भट्ट (जन्म 1950), पंडित रविशंकरांचे शिष्य, यांनी गिटारला चिकारी (षड्जाचा भरणा करणाऱ्या तारा) आणि तरफा (आपोआप गुंजणाऱ्या तारा) जोडून ‘मोहनवीणा’ केली. राय कूडर या अमेरिकन गिटारवादकाबरोबरच्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ला 1994 मध्ये ग्रॅमी मिळालं आणि वाद्य जगभर गेलं. काबरांचे शिष्य, कोलकात्याचे देबाशिष भट्टाचार्य यांनी चतुरंगी, गांधर्वी, आनंदी अशी वाद्यांची मालिकाच केली. वाराणसीच्या डॉ. कमला शंकर यांची ‘शंकर गिटार’ आहे. तरफांमुळे आसेचा प्रश्न बराच सुटतो, कारण मुख्य तार विझली तरी तरफा गुंजत राहतात. भट्टांची द्रुत तंतकारी आणि झाला थक्क करणारे आहेत. भट्टाचार्यांच्या हातात सळईवर न शोभणाऱ्या समजल्या जाणाऱ्या जलद सपाट तानाही स्वच्छ निघतात. सळईला पडद्याचा आधार नसतो. केसभर पुढे-मागे झालं की बेसूर. त्या जोखमीवर असा वेग मिळवणं फार थोड्यांना जमलं आहे.

दुसरा मार्ग पडदे ठेवून जाणाऱ्यांचा. इंग्लंडचा जॉन मॅक्लॉफ्लिन 1970 च्या दशकात उस्ताद झाकीर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांच्याबरोबर ‘शक्ती’ या वाद्यवृंदात वाजवू लागला, तेव्हा त्याने खास गिटार करवून घेतली : पडद्यांमधलं लाकूड खोलगट कोरलेलं, म्हणजे तार खाली दाबून आणि बाजूला ओढून स्वर जास्त वाकवता येतो, शिवाय सात गुंजणाऱ्या तारा तिरक्या ताणलेल्या. सितारची मींड तार ओढूनच येते, हे लक्षात घेतलं तर त्याचा रस्ता परका म्हणता येत नाही. दक्षिणेत आर. प्रसन्ना यांनी साध्या विजेच्या गिटारवर कर्नाटक संगीतातली गमकं उतरवली.

सळईवाले म्हणतात, ओढून आणलेली मींड तोकडी असते आणि रागाचं अंतरंग तिच्यात मावत नाही. पडदेवाल्यांचं म्हणणं, सळईवर सगळेच स्वर घसरत येतात, त्यामुळे ठामपणे लागणारा स्वर, खटका, मुरकी यांची धार बोथट होते. दोघांचं थोडं थोडं खरं आहे. पण पडदेवाल्यांच्या बाजूने एक पुरावा आहे जो सहसा कोणी मांडत नाही, आणि तो ‘कॉल ऑफ द व्हॅली’तच आहे. त्याच तबकडीतल्या संतूरला मींड नाही. काड्यांनी वाजवायचं वाद्य, स्वर सुटे. तरी शिवकुमारजींनी ते शास्त्रीय मंचावर बसवलं आणि आज त्यावर कोणी भुवई उंचावत नाही. म्हणजे मींड असलीच पाहिजे ही अट आपण वाद्यागणिक सैल किंवा घट्ट करत आलो आहोत.

वेग, नाद आणि उणीव

रॉक आणि ब्लूजच्या जगातला वाद वेगळ्या शब्दांत चालतो. मुंबईच्या रंगभवनात 1986 पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव व्हायचा, तिथला तरुण श्रोता सोलो किती वेगवान यावर वादकाचं वजन ठरवायचा. 1978 मध्ये एडी व्हॅन हेलनने दोन्ही हातांची बोटं पडद्यांवर आपटत वाजवायची पद्धत लोकप्रिय केली, तिची नक्कल करणारे आजही गल्लोगल्ली आहेत. दुसरा पक्ष बी. बी. किंगचं नाव घेतो. तो थोडेच स्वर वाजवायचा, पण एका स्वरावर बोट थरथरवून असा कंप द्यायचा की पहिल्या स्वरालाच वादक ओळखू यावा. 2011 पासून मुंबईत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल होऊ लागलं, पहिल्याच वर्षी बडी गाय येऊन गेला. तेव्हापासून हा दुसरा पक्ष आपल्याकडेही बळावला. एहसान नूरानींसारखा सिनेसंगीतातला माणूस या मंचावर ब्लूज वाजवतो.

मला या दोन्ही पक्षांपेक्षा तिसरी मोजपट्टी जवळची वाटते : वाद्याची किंवा स्वतःच्या हाताची उणीव वादकाने कशी निभावली? हेंड्रिक्सचंच घ्या. विझणाऱ्या स्वराचं करायचं काय, हा काबरांचा प्रश्न त्याच्याही पुढे होता. त्याने अँप्लिफायरचा आवाज परत तारेवर आदळू दिला, त्या आवाजाने तार थरथरत राहिली आणि स्वर हवा तेवढा लांबला. इतर लोक ज्याला बिघाड समजून टाळत, तो त्याने वादनात घेतला. जँगो राइनहार्ट 1928 च्या आगीत भाजला, डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली, उरलेल्या दोन बोटांवर त्याने जाझमधलं सर्वांत चपळ वादन उभं केलं. जोनी मिचेलचा डावा हात लहानपणीच्या पोलिओने कमकुवत होता, म्हणून तिने तारा नाना तऱ्हांनी जुळवल्या आणि त्यातून कुणाकडे नसलेले स्वरमेळ तिला सापडले. आणि टोनी आयोमी : बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात 1965 मध्ये यंत्राखाली त्याच्या दोन बोटांची टोकं गेली. त्याने प्लॅस्टिक वितळवून टोपणं केली, तारा सैल केल्या, आणि ‘ब्लॅक सॅबथ’ या त्याच्या रॉक बँडचा तो जड, खोल आवाज निघाला. सोनगीरच्या तांबट आळीत पत्र्याचं काम करणाऱ्याला ही गोष्ट सांगितली तर तिचं मोल वेगळं समजावून द्यावं लागणार नाही.

या मोजपट्टीवर आक्षेप आहेच. ती जखमांच्या गोष्टींना भुलते. आंद्रेस सेगोव्हियाला कोणतीही इजा नव्हती. एक सुदृढ माणूस आयुष्यभर नखांचा आणि बोटांच्या मांसल टोकांचा नाद घासत राहिला आणि स्पॅनिश गिटार त्याने पाश्चात्त्य मैफलीत नेली. तरी त्याच्यापुढेही उणीव होतीच : गिटारचा आवाज मोठ्या सभागृहात पोचत नसे. माझ्या मते मोजपट्टी टिकते, फक्त ‘उणीव’ शब्द रुंद धरावा लागतो.

वीस सेकंदांचे वादक

आता ज्यांना या कोणत्याच यादीत जागा नाही त्यांच्याकडे येऊ. खान्देशातल्या घराघरात जी गिटार खरोखर पोचली ती मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओतली. 1971 च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’त ‘दम मारो दम’ची सुरुवातीची गिटार भूपिंदर सिंग यांची. बहुतेक लोक त्यांना गझलगायक म्हणून ओळखतात. 2022 मध्ये ते गेले तेव्हाही मृत्युलेखांत गिटार बहुधा दुय्यमच होती. ‘यादों की बारात’ (1973) मधल्या ‘चुरा लिया है’ची गिटारही त्यांचीच, पडद्यावर ती झीनत अमानच्या हातात दिसते. आर. डी. बर्मन यांच्याकडे रमेश अय्यर ऱ्हिदम धरायचे, सुनील कौशिक वाजवायचे. दिलीप नाईक हे आणखी एक नाव. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्याकडे प्यारेलालजींचे बंधू गोरख शर्मा. त्यांनी ‘कर्ज’मध्ये (1980) वाजवलेल्या धुनेवर चित्रपटाचं रहस्यच टांगलेलं आहे : मागच्या जन्मीच्या खुनाचा पुरावा म्हणून ती धून पुन्हा पुन्हा येते. गिटारच्या काही स्वरांवर इतकी मोठी जबाबदारी आपल्या सिनेमात दुसऱ्या कुठे टाकलेली मला आठवत नाही.

या वादकांची परीक्षा वेगळी. समोर नोटेशन, तालीम तुटपुंजी, गायक त्याच खोलीत, सगळं एका दमात रेकॉर्ड होणार, आणि वाट्याला आलेला तुकडा वीसेक सेकंदांचा. चूक झाली तर पन्नास जणांचा टेक पुन्हा. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये नोटेशन शिकलेल्या वादकांनी आणि सेबॅस्टियन डिसूझांसारख्या अरेंजरांनी ही शिस्त मुंबईत रुजवली. तबकडीवर मात्र गायक, संगीतकार, गीतकार आणि चित्रपट एवढीच नावं छापली जात. आपल्याकडे भांड्यावर नाव कोरतात ते आहेर देणाऱ्याचं, घडवणाऱ्याचं नाही. तसंच हे झालं. ग्रेगरी बूथ या संशोधकाने या वादकांना भेटून 2008 मध्ये ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक लिहिलं, तेव्हा कुठे त्यांची कहाणी एकत्र वाचायला मिळाली.

इथे दोन मतं आहेत. एक, स्टुडिओतला वादक अरेंजरने लिहिलेलं वाजवतो, सबब श्रेय अरेंजरचं. दुसरं, कागदावर स्वर लिहिता येतात, ते कसे उचलायचे, तार कुठे दाबून बोथट करायची, तालाच्या किती मागे बसायचं हे लिहिता येत नाही, ते वादकाचं. मी दुसऱ्या मताचा आहे. ‘दम मारो दम’ची सुरुवात दुसऱ्या कुणाकडून नोटेशनबरहुकूम वाजवून घ्या, फरक आपोआप कळेल.

अजून मोकळे राहिलेले प्रश्न

पहिला प्रश्न नावांचा. सरोदवादक राधिका मोहन मैत्र यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस केलेल्या एका वाद्यालाही मोहनवीणा हेच नाव होतं, त्यामुळे हे नाव कोणाचं यावर दोन शिष्यपरंपरांत मतभेद आहेत. आणि बदललेल्या गिटारला गिटार म्हणायचं की वीणा? भट्टांनी वीणा म्हटलं, कमला शंकर यांनी गिटार शब्द ठेवला. नुसत्या नावाचा हा वाद नाही. वीणा म्हटलं की मंचावरची अढी कमी होते, गिटार म्हटलं की वाद्य कुठून आलं ते झाकलं जात नाही. माझा कल दुसरीकडे आहे, पण पहिल्यांची गरज समजण्यासारखी आहे.

दुसरा प्रश्न शिक्षणाचा. आज धुळ्या-जळगावकडचा मुलगा गिटार घेतो ती उभी, पडद्यांची; आणि शिकतो स्वरमेळ, मोबाइलवर बघून. थोडा पैसा असेल तर लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रेड परीक्षा. सळईची गिटार शिकवणारा गुरू शोधायला त्याला दूर जावं लागतं. एकेकाळी हवाइयन गिटार मध्यमवर्गीय घरातलं हौसेचं वाद्य होतं, तिथून ती थेट काही मोजक्या उस्तादांच्या हाती गेली आणि मधली पायरी नाहीशी झाली. मधली पायरी नसेल तर पुढचे काबरा कुठून येणार, याचं उत्तर कोणाकडे नाही.

तिसरा प्रश्न श्रेयाचा. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने सादरकर्त्याला आपलं नाव सांगितलं जाण्याचा हक्क दिला. मात्र चित्रपटातल्या वादकाला तो कितपत लागू होतो आणि जुन्या मुद्रणांचं काय, हे प्रत्यक्षात धूसरच आहे. संगीताच्या ॲपवर आज जुनं गाणं लावलं तर संगीतकाराचं नाव दिसतं, गिटारवादकाचं दिसत नाही. ज्यांना ही नावं पाठ होती ते वादक एकेक करून जात आहेत. भूपिंदर गेले, गोरख शर्मा आणि काबरा दोघेही 2018 मध्ये गेले.

तेव्हा वाचकांना एवढीच विनंती : तुमच्या घरात, नात्यात, ओळखीत मुंबईच्या स्टुडिओत किंवा ऑर्केस्ट्रात गिटार वाजवलेलं कोणी असेल तर त्यांच्याशी बसा, कोणत्या गाण्यात काय वाजवलं ते तारीखवार लिहून घ्या, त्यांच्या सहकाऱ्यांची नावंही विचारा, आणि त्या वहीची एक प्रत जवळच्या ग्रंथालयात ठेवा.